पुण्याचा तक्ता आणि शिरपूरचा जबडा

शिरपूरमध्ये बारा वर्षांच्या मुलीच्या दातांना तारा बसवायच्या असतील, तर आधी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढतात. तो बघून कुणी म्हणालं, 'हाड जरा विरळ वाटतंय', तर तुमचा पहिला प्रश्न हा हवा: कुणाच्या तुलनेत?

मुलांच्या हाडांसाठी आपल्याकडे एक चांगला तक्ता आहे, पुण्याचा. डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो 'बोन' या नियतकालिकात छापला. पुण्यातल्या शाळा-कॉलेजांतली ५ ते १७ वर्षांची निरोगी मुलं-मुली घेऊन, डेक्सा मशीनवर मोजून, दोघांचे वेगवेगळे पर्सेंटाइल आलेख काढले. या कामाचं मोठेपण कुठे आहे, ते आधी सांगतो. डेक्सा हाडाची सावली मोजतं, जाडी त्याला दिसत नाही. त्यामुळे ठेंगण्या मुलाचं बारीक पण धडधाकट हाडही 'विरळ' निघतं. पुण्याच्या अभ्यासात उंचीच्या मानाने हाडाचं क्षेत्रफळ आणि क्षेत्रफळाच्या मानाने खनिज, असेही आलेख आहेत. त्यामुळे निव्वळ उंची कमी म्हणून मूल आजारी ठरत नाही.

पण यात जबडा कुठे आहे? कुठेच नाही. मोजलंय ते सबंध शरीर, कमरेचे मणके आणि मांडीच्या हाडाची मान. मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत तर सबंध शरीराच्या आकड्यातून डोकं वगळायला सांगतात. लहानपणी एकूण हाडात कवटीचा वाटा मोठा असतो आणि व्यायामाने ती फारशी बदलत नाही. कारण पटण्यासारखं आहे, पण डोक्याबरोबर जबडाही गेला.

मग अभ्यासक उसन्या मापांकडे वळतात. ओपीजीवर खालच्या जबड्याच्या कडेची जाडी मोजायची. मोठ्यांमध्ये ती ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर हाडं ठिसूळ झाल्याची शंका घ्यायची. हे माप मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांवर बेतलेलं आहे. तिथे प्रश्न असतो की हाड झिजलं का. मुलांत ते अजून तयारच होत असतं. शिवाय ओपीजीत चित्र मोठं होऊन येतं, आणि डोकं थोडं कललं तरी माप बदलतं.

मला याहून मोठी अडचण वाटते ती वाढीची. डेन्मार्कच्या आर्ने ब्यॉर्क यांनी १९५० च्या दशकात मुलांच्या जबड्यात बारीक धातूच्या पिना बसवून वर्षानुवर्षं एक्स-रे काढले. त्यात दिसलं की खालची कड जागेवर राहत नाही: साधारणपणे हनुवटीखाली भर पडते, मागच्या कोनाखाली झीज होते. म्हणजे ज्या कडेची जाडी आपण मोजतो, तीच सरकती आहे. एका एक्स-रेवरून 'घनता कमी' म्हणणं त्यामुळे फार धाडसाचं आहे. त्यात मुली मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढतात. बारा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी एकाच रकान्यात बसत नाहीत.

'निरोगी' हा शब्दही तपासायला हवा. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला पावरा आणि भिल्ल वस्त्या आहेत, आणि या पट्ट्यात सिकलसेल आढळतो. या आजारात मज्जा फुगते आणि जबड्याची आतली जाळी एक्स-रेत विरळ दिसू शकते. तेव्हा खान्देशात असा अभ्यास करायचा तर 'काही आजार आहे का?' एवढं विचारून भागणार नाही. रक्त तपासावं लागेल.

यावर सोपा उपाय नाही. नुसत्या अभ्यासासाठी निरोगी मुलांना पुन्हा पुन्हा किरण देणं बरोबर नाही. उपचारासाठी आधीच काढलेले एक्स-रे वापरले, तर नमुन्यात वेडेवाकडे दात असलेली आणि तारांचा खर्च परवडणारी मुलंच जास्त येणार. तरीही मी दुसरा मार्ग निवडीन, फक्त ही मर्यादा पहिल्याच पानावर लिहून.

तोवर एवढं करा. नुसत्या ओपीजीवरच्या शेऱ्यावरून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नका. मूल किरकोळ पडूनही वारंवार हाड मोडून घेत असेल किंवा पाय वाकत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुण्याचा तक्ता खरा उपयोगी पडतो तो तिथे.