अभिवादन की अनुकरण?

एखाद्या साध्या जुन्या प्लायमथ मोटारीला निमुळते लांब नाक बसवावे, पाठीमागे उंच पंख उभारावा, अंगावर फिकट निळा रंग चढवून दारावर ४३ हा आकडा रंगवावा, आणि ही रिचर्ड पेटी या शर्यतपटूस वाहिलेली आदरांजली आहे असे सांगावे, ही अमेरिकेतील मोटारप्रेमी मंडळींची एक आवडती हौस आहे. त्या आदराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु भक्ती खरी असली म्हणजे मूर्ती चांगली घडतेच असे नव्हे.

मुळात ‘स्टॉक कार’ म्हणजे दुकानात कोणाही गिऱ्हाइकास मिळणारी मोटार. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅसकार’ संस्थेने १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे अशा मोटारींची पहिली शर्यत भरविली. तीत पहिल्या आलेल्या फोर्ड गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या आढळल्या, म्हणून ती बाद झाली. मालकाने दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. म्हणजे या क्रीडेचा पहिला निवाडाच मुळी असा की, मोटारीने स्वतःहून निराळे होऊ नये!

पुढे हाच नियम उलटा फिरला. १९७० ची ‘सुपरबर्ड’ शर्यतीसाठीच घडविली गेली. नियमाची अट भागावी म्हणून तिच्या सुमारे १,९०० प्रती बाजारात आल्या. नाक वारा कापण्यासाठी होते, पंख मागची चाके रस्त्यास घट्ट धरून ठेवण्यासाठी. गिऱ्हाइकांना ते रूप रुचले नाही; काही विक्रेत्यांनी नाक आणि पंख उतरवून त्या साध्या करून विकल्या. आज साध्या गाडीवर तेच नाक, तोच पंख चढविला जातो. शर्यतीच्या वेगाने जे रूप जन्मास घातले, ते वेगावाचून उसने आणले, की अलंकार उरतो आणि अर्थ निघून जातो.

पूर्वीच्या आदिलाबाद व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात असलेल्या बासर येथे ज्ञानसरस्वतीपुढे मुलांचा अक्षराभ्यास होतो. नांदेडकडील मराठी कुटुंबेही त्यासाठी गोदाकाठी येतात. तेथे मूल दुसऱ्याचे अक्षर गिरवते, आणि ते योग्यच आहे. परंतु गिरवणे हा लेखनाचा आरंभ होय, लेखन नव्हे. आणि दुसऱ्याचा लेख पुसून त्यावर गिरवणे तर विद्याच नव्हे.

हा प्रश्न आपल्याही अंगणातला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लायमथ अशा अमेरिकन मोटारी जोडल्या जात. त्यांतील एखादी आज कोणाच्या हाती लागली आणि त्याने तिचा पत्रा कापून तिला शर्यतीचा साज चढविला, तर पेटीचा गौरव किती होईल कोण जाणे, कुर्ल्याच्या कामगारांची साक्ष मात्र कायमची नष्ट होईल.

कायदाही याच बाजूस झुकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येणार नाहीत, असे म्हटले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील दुचाकी-चारचाकीस ‘व्हिंटेज’ म्हणून मान दिला, तोही मूळ रूप राखून सांगाड्यात, पत्र्यात वा इंजिनात मोठा बदल केला नसेल तरच. अर्थात कायदा रसिकतेचा निकष नव्हे. सुरक्षितता आणि नोंदणी हे त्याचे विषय. तरीही येथे त्याने नकळत रसिकाचेच काम केले आहे.

म्हणून सीमारेषा अशी आखावी: रंग आणि आकडा उद्या पुसता येतात, ते अभिवादन होय. कापलेला पत्रा पुन्हा मूळचा होत नाही. ज्या आदरासाठी दुसऱ्या एका मूळ वस्तूचा बळी द्यावा लागतो, तो आदर कितीही मनःपूर्वक असला तरी महाग पडतो.