गोट्याची साक्ष आणि पृथ्वीचा आरंभ

मसुरीस असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेस जवाहरलाल नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात इंग्रजीतून लिहिलेली पत्रे १९२९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पृथ्वीचा पूर्वेतिहास बालकास कसा सांगावा, या प्रश्नाच्या विचारात हा लहानसा ग्रंथ आजही टाळता येत नाही.

आरंभी नेहरू निसर्गालाच ग्रंथ मानतात. गुळगुळीत गोटा एकेकाळी कंगोरेदार होता व प्रवाहात घासून गोल झाला, हे अनुमान ते मुलीपुढे उलगडतात. येथे पुरावा तिच्या हातात आहे. पुढे पृथ्वी सूर्यापासून सुटून निघाली असे ते सांगतात, तेव्हा शास्त्रज्ञांचा शब्द तेवढा उरतो. आणि नेमका तोच भाग कालबाह्य ठरला. नवजात सूर्याभोवतीच्या वायू व धुळीच्या तबकडीतून पृथ्वी घडली, असे आज मानले जाते. ग्रंथातील माहिती त्या काळास धरून होती. तो दोष नव्हे. अनुमान कोठे संपते व शब्दप्रामाण्य कोठे सुरू होते, ही सीमा पुरेशी ठळक केलेली नाही, हे त्यातील खरे वैगुण्य होय.

ठाण्याच्या मानपाड्यात शिकविताना ही सीमा विशेष जाणवते. तेथून जवळच असलेल्या येऊरच्या डोंगरातील काळा पाषाण लाव्हारसापासून झाला. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे, तर पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी. पृथ्वीचे आयुष्य २४ तासांचे कल्पिल्यास हा डोंगर शेवटच्या वीसएक मिनिटांतील ठरतो. मुलास जो दगड आदिकालीन वाटतो, तो आरंभाचा साक्षीदारच नव्हे. किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर जमिनीत खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर जाडीच्या या काळ्या खडकाखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. पृथ्वीचे वय तर क्लेअर पॅटर्सन यांनी १९५६ मध्ये उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांवरून निश्चित केले. त्यासाठी पृथ्वीबाहेरून आलेल्या दगडांची साक्ष काढावी लागली.

बालकास सलग कथा हवी असते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु हातातील दगडाची साक्ष येथवरच पोहोचते, पुढचे इतर पुराव्यांवरून कळले, असे सांगितल्याने कथा खंडित होत नाही. उलट, सिद्धान्त बदलला तरी मुलाचा शास्त्रावरील विश्वास ढळत नाही. नेहरूंची पद्धती शिक्षकाने स्वीकारावी. तिची मर्यादाही त्याच पाठात शिकवावी.