गुण वाढले, पण काम मिळाले का?

वर्गात बाराचा पाढा घडाघडा म्हणणारा मुलगा दुकानात बारा पेन्सिलींची किंमत काढताना अडखळतो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. पाढ्याचा सराव झालेला असतो, पण तो दुकानापर्यंत पोहोचलेला नसतो. या अडचणीचा पहिला नीट अभ्यास एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ साली प्रसिद्ध केला. आयताकृती कागदांचे क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा सराव त्यांनी काही जणांकडून करून घेतला. सरावातल्या आकृत्यांबाबत अंदाज चांगलेच सुधारले. आकृत्यांचा आकार किंवा मोठेपणा बदलताच मात्र सुधारणेचा बराचसा भाग गळून पडला. सरावातील आणि नव्या कामातील समान घटक जितके जास्त, तितका सराव पुढे उपयोगी पडतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

शिक्षणशास्त्रातील या जुन्या कसोटीवर आम्ही येथे वैद्यकातील एक नवा कार्यक्रम घासून पाहणार आहोत. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, झालेल्या व्यक्तींसाठी संगणकावर लक्ष, स्मरण व विचार यांचे व्यायाम देण्याची पद्धत गेल्या तीन दशकांत अनेक देशांत पसरली. तिला बोधनिक प्रशिक्षण म्हणतात. या पद्धतीत तथ्य आहे. परंतु तिचे यश ज्या मापाने मोजले जाते आणि ज्या रीतीने ती देऊ केली जाते, त्याविषयी आमचे गंभीर आक्षेप आहेत.

आजाराचे न दिसणारे अंग

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. छिन्नमनस्कता म्हणजे एका माणसात दोन व्यक्तिमत्त्वे असणे नव्हे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हे नाव दिले, तेव्हा विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांशी असलेली सांधेजोड सुटते, एवढेच त्यांना सुचवायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ३० लाख लोकांना, म्हणजे साधारण ३४५ जणांत एकाला, हा आजार आहे. बहुतेकांत त्याची सुरुवात किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते. माणूस शिक्षण पुरे करून पोटापाण्याला लागतो, नेमके तेच हे वय.

कोणी नसताना आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की समजूत होणे, ही लक्षणे चटकन दिसतात. १९५२ साली क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाल्यापासून या लक्षणांवर औषधे मिळाली आणि ती पुष्कळांच्या बाबतीत चांगली लागू पडतात. पण या आजाराचे आणखी एक अंग आहे. लक्ष टिकत नाही, नुकतेच सांगितलेले निसटते, विचारांची गती मंदावते, एकापुढे एक कामे लावता येत नाहीत. या त्रुटींवर रूढ औषधांचा फारसा परिणाम होत नाही. मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. व्यवहारात व्यक्ती किती सावरते याचा संबंध भास आणि भ्रमांच्या तीव्रतेपेक्षा स्मरण आणि अवधान यांच्याशी अधिक आहे, असे त्यांना आढळले. या त्रुटींसाठी खास औषध शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण वाट सोपी नाही. ‘आयक्लेपर्टिन’ या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातील मोठ्या चाचण्यांत अपेक्षित सुधारणा दिसली नाही, असे ते तयार करणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले.

घरच्यांना हे ठाऊक नसते. आवाज थांबले, गोळ्या वेळेवर चालू आहेत, तरी मुलगा कामावर टिकत नाही, असे दिसले की “आता तर बरा झालास, मग आळस कसला?” हा प्रश्न येतो. न दिसणाऱ्या त्रुटीला आळस हे नाव मिळते, आणि आजाराच्या दुःखात अपमानाची भर पडते.

व्यायामाचा लाभ किती?

बोधनिक प्रशिक्षणात व्यक्ती आठवड्यातून काही वेळा संगणकापुढे बसते. पडद्यावर आलेल्या आकड्यांचा क्रम लक्षात ठेवणे, ठरावीक चिन्ह दिसताच कळ दाबणे, वस्तूंचे गट पाडणे, असे व्यायाम ती करते, आणि काठिण्य हळूहळू वाढत जाते. काही कार्यक्रमांत सोबत प्रशिक्षक असतो, काहींत नुसतेच यंत्र.

टिल वाइक्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४० अभ्यासांतील २,१०४ व्यक्तींची माहिती एकत्र केली. आंतोनिओ व्हिता आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १३० अभ्यास आणि ८,८५१ व्यक्ती घेतल्या. या दुसऱ्या, मोठ्या विश्लेषणात बोधनिक क्षमतांवरील परिणाम ०.२९ आणि दैनंदिन व्यवहारावरील परिणाम ०.२२ इतका आला. हे आकडे प्रमाण विचलनाच्या एककात आहेत. शिक्षकांच्या भाषेत सांगायचे, तर एखाद्या परीक्षेत गुणांचे प्रमाण विचलन १० असेल, तर सरासरी सुमारे ३ गुणांची वाढ चाचणीत दिसली आणि सुमारे २ गुणांची वाढ जगण्यात. लाभ खरा आहे, पण माफक आहे. चाचणीतून व्यवहाराकडे जाताना तो कमीही होतो. थॉर्नडाइकना याचे आश्चर्य वाटले नसते.

याच विश्लेषणातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. कार्यक्रमात प्रशिक्षित व्यक्ती सक्रिय असेल, विचार करण्याच्या युक्त्या पद्धतशीर शिकवल्या जात असतील आणि व्यायाम पुनर्वसनाच्या इतर कामाशी जोडलेले असतील, तेव्हा लाभ वाढतो. म्हणजे नुसता पडदा पुरेसा नाही. समोर माणूस हवा, आणि तोही शिकवणारा.

असे असताना ‘मेंदूचे खेळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती वेगळेच सांगतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये ‘ल्युमॉसिटी’ या खेळांच्या कंपनीवर कारवाई केली होती. या खेळांनी शाळेत व कामावर कामगिरी सुधारते आणि वाढत्या वयातील विस्मरण लांबते, या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचे आयोगाचे म्हणणे होते. कंपनीने २० लाख डॉलर भरून तडजोड केली. ते दावे सर्वसामान्य ग्राहकांपुढे केलेले होते. आजाराने आधीच खचलेल्या कुटुंबापुढे असे दावे आले, तर अधिकच सावध राहायला हवे.

आधी तयारी की आधी काम?

कामाच्या बाबतीत एक जुनी समजूत फार काळ चालली. आजारी व्यक्तीने प्रथम आश्रित कार्यशाळेत पाकिटे चिकटवावीत, मेणबत्त्या कराव्यात, शिस्त अंगी बाणवावी, आणि तयारी झाली म्हणजे बाहेरची नोकरी शोधावी, अशी ती समजूत. बहुतेकांच्या बाबतीत ती ‘तयारी’ कधी पुरी झालीच नाही. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हा क्रम उलटा केला. व्यक्तीला काम करायचे असेल, तर तिच्या आवडीचे खरे, पगाराचे काम लगेच शोधायचे, आणि काम मिळाल्यावर एका रोजगार-साहाय्यकाने लागेल तितका काळ आधार द्यायचा. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४३ जण होते. या पद्धतीने ७८ टक्के जणांना नोकरी मिळाली, तर आधी कौशल्य-वर्ग घेणाऱ्या गटात ४० टक्क्यांना. २००७ मध्ये युरोपातील सहा केंद्रांत ३१२ जणांवर झालेल्या चाचणीत हेच प्रमाण ५५ आणि २८ टक्के आले.

येथेही मापाकडे नीट पाहिले पाहिजे. युरोपातील त्या चाचणीत किमान एक दिवस काम केले, की व्यक्ती यशस्वी गणली गेली. एक दिवस आणि एक वर्ष यांत केवढे अंतर आहे! काम मिळते पण टिकत नाही, हीच अनेकांची अडचण असते. बोधनिक प्रशिक्षणाची खरी जागा येथे आहे, असे आम्हाला वाटते.

सुसान मॅकगर्क आणि किम म्यूसर यांच्या कार्यक्रमात संगणकावरील सुमारे २४ सत्रे रोजगार-साहाय्याला जोडलेली असतात. पूर्वीची नोकरी का सुटली याची छाननी होते, आणि प्रशिक्षक व रोजगार-साहाय्यक एकत्र बसून योजना आखतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत वर्षभरात प्रशिक्षण गटातील सुमारे ७० टक्के जणांनी काम मिळवले, तर नुसते रोजगार-साहाय्य मिळालेल्या गटात ५ टक्क्यांनी. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्या चाचणीत अवघे ४४ जण होते. दुसऱ्या गटाचे यश इतके कमी का, हा प्रश्नही उरतो. २०१५ ची त्यांची चाचणी आम्हाला अधिक भरवशाची वाटते. तीत रोजगार-साहाय्याचा लाभ न झालेले १०७ जण होते, आणि तुलनेच्या गटातील साहाय्यकांनाही बोधनिक अडचणी ओळखण्याचे शिक्षण दिले होते. दोन वर्षांत ६० विरुद्ध ३६ टक्के जणांना नोकरी मिळाली. फरक लहान झाला, पण कठोर तुलनेतही तो टिकला.

हे कसे घडत असेल? समजा, गोदामात काम करणाऱ्या एका तरुणाला मुकादम एका दमात तीन सूचना देतो. पहिली पुरी होईतो उरलेल्या दोन निसटतात आणि बोलणी खावी लागतात. पडद्यावर आकडे लक्षात ठेवताना या तरुणाला कळते की दोन गोष्टी आपल्याला झेपतात, तिसरी नाही. मग प्रशिक्षक त्याला खिशात वही ठेवायला शिकवतो. रोजगार-साहाय्यक, तरुणाची संमती घेऊन, मुकादमाशी बोलतो की सूचना एकेक द्या, आणि भिंतीवर कामांची यादी लावा. यात स्मरणशक्ती किती वाढली हे सांगता येणार नाही. काम मात्र टिकले. व्यायाम आणि काम यांत समान घटक कोणीतरी मुद्दाम निर्माण केले, म्हणून सराव पुढे पोहोचला.

आमचा मुख्य आक्षेप

आता आमची भीती सांगतो. बोधनिक चाचण्यांचे गुण हाताशी आले, की त्यांचा दरवाजा बनायला वेळ लागत नाही. “आधी गुण वाढवा, मग काम पाहू” असे म्हटले, की पाकिटे चिकटवण्याची जुनी कार्यशाळाच संगणकाच्या रूपाने परत येते. कामाची इच्छा असलेल्या व्यक्तीला केवळ चाचणीतील गुणांवरून थांबवून ठेवण्यास वरील संशोधनात कोठेही आधार नाही. प्रशिक्षण कामाच्या सोबत असावे, कामाची अट म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप मोजणीविषयी आहे. पाश्चात्त्य चाचण्या खुल्या बाजारातील पगारी नोकरी मोजतात. आपल्याकडे घरची शेती, दुकान आणि विशेषतः स्त्रियांचे घरकाम या मोजणीत येत नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीच्या समितीने तयार केलेली ‘आयडियाज’ ही अपंगत्व-मापनश्रेणी या बाबतीत अधिक समंजस आहे. काम या सदरात ती नोकरीबरोबर घरकाम आणि शिक्षणही धरते. गोवा, सातारा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे २८२ व्यक्तींवर झालेली एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रशिक्षित समाज-कार्यकर्ते घरोघर जाऊन आधार देत होते. अपंगत्व काही प्रमाणात कमी झाले, पण हा लाभ मुख्यतः तमिळनाडूच्या केंद्रात दिसला. जागा बदलली की फळ बदलते, म्हणून बोस्टनचा किंवा लंडनचा आकडा जसाच्या तसा साताऱ्याला लावता येत नाही.

शिक्षकांनी काय करावे?

एखादा हुशार विद्यार्थी अकरावी-बारावीत अचानक मागे पडला, एकलकोंडा झाला, तर त्याची कारणे अनेक असू शकतात. आजाराचे नाव ठेवणे हे शिक्षकाचे काम नव्हे. आळशी न म्हणता पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सुचवणे मात्र त्याला जमण्यासारखे आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात मनोविकाराचा समावेश आहे. सेवेत असताना अपंगत्व आल्यास शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही, की पदावनत करता येत नाही. या व्याख्येत शासनाच्या अनुदानावरील संस्थाही येतात, हे शाळेच्या कार्यालयातही माहीत असावे.

आणि कोणी मेंदूच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम घेऊन आले, तर चार प्रश्न विचारावेत. शिकवायला माणूस आहे का? व्यायाम कोणत्या खऱ्या कामाशी जोडला आहे? काम सुरू झाल्यावर आधार किती काळ मिळेल? आणि यश कशात मोजता, पडद्यावरील गुणांत की कामावर काढलेल्या महिन्यांत? पहिल्या तीन प्रश्नांना उत्तर नसेल आणि चौथ्याला केवळ आलेख दाखवले जात असतील, तर त्या कुटुंबाने आपले पैसे आणि त्याहून मोलाची आपली आशा तेथे खर्च करू नये, असेच आम्ही सांगू.