टिळकांची मंडळी

मराठीतल्या 'मंडळी' या शब्दाचे दोन अर्थ शेजारीशेजारी ठेवले म्हणजे मोठी गंमत वाटते. जुन्या वळणाचा गृहस्थ 'आमची मंडळी माहेरी गेली आहे' असे म्हणतो, तेव्हा तो आपल्या पत्नीविषयी बोलत असतो. मराठी ख्रिस्ती माणूस 'आमची मंडळी' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात एकत्र उपासना करणारा समाज, म्हणजे चर्च, असते. आणि त्या मंडळीच्या धर्मगुरूला तो 'पाळक' म्हणतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे असे पाळक होते. या मंडळीत जिवंतपणा कसा येईल, याचा विचार त्यांनी अखेरपर्यंत केला. आणि त्यांच्या दुसऱ्या मंडळीने, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, 'स्मृतिचित्रे' लिहून त्या विचाराची घरच्या घरी परीक्षा घेतली!

'स्मृतिचित्रे' आपण बहुधा हसण्यासाठी वाचतो. शाळेच्या पुस्तकांतून त्यातले जे उतारे आले, तेही टिळकांच्या विसरभोळेपणाचे नि लक्ष्मीबाईंच्या फजितीचे. त्यामुळे धर्मांतरानंतरचा भाग हा एका विशिष्ट समाजाचा खाजगी मामला आहे, अशी समजूत करून पुष्कळ वाचक तो चाळून सोडून देतात. माझे म्हणणे याच्या उलट आहे. धर्मसंस्था कशाने जगते, या प्रश्नाला मराठी वाङ्मयाने दिलेले अत्यंत खरे असे एक उत्तर या पुस्तकात आहे. आणि जेथे आपण हसतो, नेमके तेथेच ते दडलेले आहे.

प्रश्न जुनाच आहे. आमच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. त्या दिवशीच्या गर्दीवरून गावाच्या भक्तीचे माप कोणी घेऊ लागला, तर जाणता वारकरी त्याला विचारील, 'बाबा रे, रथ एक दिवस चालतो. बाकीच्या दिवसांचे काय?' इंग्लंडात अठराव्या शतकात जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाला हेच विचारावेसे वाटले. रविवारचे प्रवचन ऐकून घरी जाणाऱ्या माणसाच्या उरलेल्या सहा दिवसांत धर्म कोठे असतो? त्याने आपल्या अनुयायांचे बाराएक जणांचे लहान लहान गट पाडले. दर आठवड्याला एकत्र बसावे, आपण कसे वागलो हे एकमेकांना सांगावे, आणि गरिबांसाठी पै-पैसा बाजूला काढावा, अशी ती रीत. तिच्यातून मेथडिस्ट पंथ वाढला. आपल्या मुंबईत या पंथाचे काम 1871 नंतर विल्यम टेलर यांनी सुरू केले, आणि त्यांना जॉर्ज बोवेन येऊन मिळाले. बोवेन 1848 सालीच अमेरिकेहून मुंबईस आले होते. मिशनचे वेतन सोडून ते एतद्देशीयांच्या वस्तीत अगदी साधेपणाने राहिले. रोज एक याप्रमाणे वर्षभर वाचावीत अशी त्यांची चिंतने पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहेत. परंतु 1888 साली ते वारले, तेव्हा लोकांच्या मनात राहिले ते मुख्यतः त्यांचे राहणे. अपोलो बंदराजवळचे मेथडिस्ट चर्च आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

टिळक मेथडिस्ट नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे. पण हाच प्रश्न त्यांच्यापुढे अधिक अवघड रूपाने उभा राहिला. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आत येऊन पाहतात तो पगार परदेशाचा, चाली परदेशाच्या, बसण्याउठण्याची रीतही परदेशाची! जे झाड कुंडीतच वाढवले, त्याची मुळे जमिनीत कशी जाणार? तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे मानणारा हा माणूस. त्याने उपासनेत अभंग आणि भजने आणली. कीर्तनाला उभे राहून ख्रिस्तचरित्र सांगितले. 1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. 1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्वच ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. चर्चच्या भिंतीला एवढे मोठे दार पाडण्याची कल्पना त्या काळी धाडसाचीच म्हटली पाहिजे.

हे झाले पाळकाचे चिंतन. आता त्याच्या घरात डोकावून पाहू.

ज्या बाईला हा विचार जगायचा होता, ती सोवळ्याचे कमालीचे वेड असलेल्या बापाच्या घरात वाढलेली. नवऱ्याने धर्म बदलला, तेव्हा तिला विचारले नव्हते. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षे दोघांची ताटातूट. त्यांतला काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी बळजबरी केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आणि लक्ष्मीबाईंनी केवळ नवऱ्यासाठी मान तुकवली नाही, हा त्यांचा. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्या साध्या अकलेने स्वतःच स्वतःला घातला, आणि उत्तर मिळाल्यावर आधी वागणूक बदलली. दीक्षा मागाहून, 1900 साली! हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. प्रवचने ऐकून त्यांचे मन वळले असे पुस्तक म्हणत नाही. घागर, वाटी, ताट यांच्याशी झगडता झगडता ते वळले.

त्याच सुमाराचा मोठा दुष्काळ. अनाथ पोरे टिळकांच्या घरी आली आणि घरचीच झाली. टिळक हात सैल सोडून देणारे, घरात काय आहे नि काय नाही याची वार्ता नसणारे, रागाच्या भरात घर सोडून निघून जाणारे. देणारा एक आणि पुरवणारी दुसरी, असा तो संसार होता. 'शेजाऱ्यावर प्रीती करा' हे सांगणे पाळकाचे. पण शेजारी जेवायला बसला म्हणजे पिठाचा डबा लक्ष्मीबाईंनाच खरवडावा लागे. येथेच त्यांचा विनोद उगम पावतो. तो नवऱ्याची टर उडवणारा नाही, तसाच त्याला मखरात बसवणाराही नाही. एखाद्या थोर पुरुषाची पत्नी चरित्र लिहू लागली म्हणजे उदबत्तीचा वास येऊ लागतो. येथे फोडणीचा वास येतो. टिळकांची चूक दिसते आणि त्याच ओळीत त्यांच्यावरचे प्रेमही दिसते.

आम्हा खानदेशी वाचकांचा तर या घराशी निकटचा संबंध आहे. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सतरा वर्षांच्या आसपासचा पोर कविता म्हणून गेला आणि 'बालकवी' होऊन परतला. पुढे टिळकांच्या स्नेहाने तो नगरास (आजच्या अहिल्यानगरास) त्यांच्या घरी राहिला. ब्राह्मणाचे पोर, ख्रिस्ती पाळकाचे घर, आणि काळ तो! लक्ष्मीबाई त्याच्या प्रतिभेची चिकित्सा करीत बसत नाहीत. त्यांना दिसतो तो रुसणारा, फुगणारा, समजूत काढावी लागणारा मुलगा. तो कोणत्या धर्माचा, हा प्रश्न त्या घराने त्याला घातला नाही. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकावर आगगाडीखाली त्याचा अंत झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंना दुःख झाले ते पोटच्या पोराचे. 'देवाचा दरबार' साताऱ्यास 1917 साली स्थापन झाला असे चरित्रकार लिहितात. मला विचाराल तर, बाप्तिस्मा झालेला नि न झालेला एका छपराखाली नांदावा हे त्या दरबारातले तत्त्व लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात कितीतरी आधीच रुळले होते.

देव भांड्याकुंड्यांत पाहणारी दुसरी बाईही आमच्याच भागातली. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षर येत नव्हते. त्यांची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली. लक्ष्मीबाईंचे शिक्षणही नवऱ्याने शिकवले तेवढेच. एकीचे दैवत विठोबा, दुसरीचा ख्रिस्त. पण दोघींच्याही ठिकाणी धर्म हा हातातल्या कामाला चिकटून येतो. धर्मग्रंथांवर अधिकार नसलेल्या बायकांनीच धर्म जिवंत कसा असतो हे अधिक नेमके सांगावे, यात पंडितांनी विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

एवढी स्तुती केल्यावर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. 'स्मृतिचित्रां'त काळाचा मेळ नीट बसत नाही; प्रसंग आठवतील तसे येतात. 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची अखेर लेखिकेच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली, आणि शेवटी शेवटी पहिल्या भागातली रंगत ओसरते. पण याहून मोठी एक उणीव मला सलते. नगर भागातल्या मंडळ्यांत मोठा भरणा होता तो महार व मांग समाजांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांचा. त्यांच्या हातचे पाणी पिताना लक्ष्मीबाईंचा जीव किती कासावीस झाला, हे त्या प्रांजळपणे सांगतात. परंतु ज्यांच्या हातचे ते पाणी, त्यांना काय वाटले? पिढ्यान्पिढ्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला उंबरठा ओलांडून येणारी ही ब्राह्मण बाई कशी दिसली असेल? त्याचा आवाज या पुस्तकात ऐकू येत नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्यापुरते खरे लिहिले. दुसऱ्याचे त्या लिहू शकत नव्हत्या. म्हणून हे पुस्तक मंडळीचा अर्धाच इतिहास आहे, हे त्याच्या चाहत्यांनी विसरू नये. उरलेला अर्धा ज्याचा त्यानेच सांगायला हवा, आणि पुढे दलित आत्मकथनांनी मराठीला ते ऐकायला शिकवलेही.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. त्यांच्यामागे 'देवाचा दरबार' टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभारलेली संस्था बहुधा अशीच मावळते. मग राहिले काय? त्यांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांची भजने 'उपासना संगीता'त राहिली. मराठी मंडळ्यांत आजही लोक ती गातात, आणि कवीचे नाव ठाऊक नसलेली म्हातारीही ती पाठ म्हणते. आणि राहिली 'स्मृतिचित्रे', जी ख्रिस्ती नसलेल्या लाखो घरांत पोहोचली. योजना गेली, जे तोंडात आणि घरात शिरले होते, ते उरले. यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

तेव्हा रसिक वाचकहो, फराळाची ताटे बाजूला सारल्यावर दिवाळीच्या सुटीत घरात मोठ्याने वाचायला एखादे पुस्तक हवे असेल, तर 'स्मृतिचित्रे' घ्या. पण या खेपेस अर्ध्यावर ठेवू नका. लहान मुले टिळकांच्या वेंधळेपणाला हसतील, हसू द्या. घरातल्या बायका मात्र मध्येच एकमेकींकडे पाहतील. पुरुषांनी त्या वेळी वाचन थांबवून त्यांना विचारावे, काय आठवले? टिळकांनी ज्या जिवंतपणाचा जन्मभर शोध घेतला, त्याचा पत्ता पुष्कळदा त्या उत्तरात असतो.