पडद्यावरील पात्रयोजना आणि ऐतिहासिक सत्य : चाकणच्या दोन प्रसंगांवरून एक विचार

ऐतिहासिक मालिका व चित्रपट यांतील नटांच्या निवडीविषयीं अलीकडे जो वाद ऐकूं येतो, त्यांत दोन्ही पक्ष एकाच ठिकाणीं चुकतात असें आमचें मत झालें आहे. एक पक्ष म्हणतो कीं, ज्या पुरुषाची भूमिका करावयाची त्याच्याच वंशाचा, वर्णाचा व प्रांताचा नट असल्यावांचून सत्याचा भंग होतो. दुसरा म्हणतो कीं, नाटक तें नाटक, तेथें वर्णाचा विचारच कशाला ? या दोन्ही मतांस कागदपत्रांची कसोटी कोणी लावीत नाहीं. ती लावून पाहावी हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आणि उदाहरणासाठीं आम्ही फार दूर न जातां चाकणचा कोट घेतों. ज्या गांवाचें नांव परप्रांतांत आज मोटारींच्या कारखान्यांमुळें ठाऊक आहे, त्याच गांवांत या प्रश्नाचा उलगडा करणारे दोन प्रसंग घडलेले आहेत.

हा वाद आपल्याकडे निघण्यापूर्वींच तो विलायतेंत गाजला. ‘ब्रिजर्टन’ या २०२० च्या मालिकेंत तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिची भूमिका गोल्डा रोशूव्हेल या कृष्णवर्णी नटीस दिली. २०२१ सालीं अ‍ॅन बुलीन हिची भूमिका जोडी टर्नर-स्मिथ हिनें केली. पहिल्या मालिकेनें आपण कल्पित जग दाखवीत आहों हें लपविलें नाहीं, म्हणून तिच्याशीं इतिहासानें भांडण्याचें कारण नाहीं. परंतु २०२३ सालीं क्लिओपात्रा राणीविषयीं जी माहितीपटवजा मालिका निघाली, तिची गोष्ट निराळी. क्लिओपात्रेचें टॉलेमी घराणें मूळचें मॅसिडोनियाचें. तिच्या भूमिकेंत अ‍ॅडेल जेम्स ही कृष्णवर्णी नटी घेतली, व त्यावर ईजिप्तच्या पुराणवस्तु खात्यानें जाहीर आक्षेप घेतला. येथें नटीच्या गुणांचा प्रश्न नव्हता. ‘हा इतिहास आहे’ असें सांगून दाखविलेल्या गोष्टीस पुरावा कोणता, इतकाच प्रश्न होता. आणि तो योग्य होता.

आतां आपल्याकडे वळूं. नटाचें शरीर व पात्राचें शरीर हीं एकच असावींत, असा हट्ट मराठी प्रेक्षकानें पूर्वीं कधीं धरलेला नाहीं. विनायक जनार्दन कीर्तने यांनीं १८६१ सालीं ‘थोरले माधवराव पेशवे’ हें नाटक लिहिलें, तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें रंगभूमीवरील स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत असत. बालगंधर्वांचें स्त्रीरूप पाहून कोणास इतिहासाचा किंवा पुराणाचा विपर्यास झाल्यासारखें वाटलें नाहीं. फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’ चित्रपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके या एकाच नटानें केल्या. पुढें १९८८ सालीं दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका लागली. तींत छत्रपति शिवाजी महाराजांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनीं केली. हे नट जन्मानें उत्तरेकडील बाराबंकीचे व धर्मानें मुसलमान. तथापि त्यांची ती भूमिका जाणत्यांनीं गौरविली. तेव्हां नटाचा वंश हा संकेताचा भाग आहे, पुराव्याचा नव्हे, हें आपल्या परंपरेनें केव्हांच मान्य केलेलें आहे.

शिवाय वर्णाचा आग्रह धरणारांस आम्ही असें विचारतों कीं, खुद्द महाराजांचा वर्ण कोणता होता ? इ. स. १६६४ च्या जानेवारींत सुरतेच्या वखारींतील इंग्रज धर्मोपदेशक एस्कॅलियट यानें, महाराजांच्या छावणींत कैद असलेल्या अँथनी स्मिथनें पाहिलेलें सांगितलें त्यावरून, एक पत्र लिहिलें. त्यांत महाराज बेताच्या उंचीचे, ताठ बांध्याचे, बोलतांना स्मित करणारे, तीक्ष्ण नजरेचे आणि आपल्या लोकांपेक्षां गौर असल्याचें वर्णन आहे. त्यानंतर दोनच वर्षांनीं सुरतेस आलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशानें महाराजांस ठेंगणे व सांवळे म्हटलें आहे. डोळ्यांची चपळाई मात्र दोघांसहि मान्य आहे. थेवेनोची माहिती ऐकीव, एस्कॅलियटची दुसऱ्याच्या तोंडची. ज्या बाबतींत समकालीन लेखच एकमत नाहींत, तेथें आज पडद्यावरील नटाच्या रंगावरून सत्यासत्य ठरविणें हें धाडसाचें आहे.

चित्राच्या बाबतींतहि आपला अनुभव असाच लाजविणारा आहे. एका इब्राहिमखानाचें चित्र महाराष्ट्रांत कित्येक वर्षें शिवछत्रपतींचें म्हणून पूजिलें जात होतें. १९३३ सालीं वा. सी. बेंद्रे यांनीं व्हॅलेन्टाइनच्या डच ग्रंथांतील खरें चित्र पुढें आणलें, तेव्हां तो भ्रम फिटला. एक चुकीचें चित्र इतकीं वर्षें घरोघर भिंतीवर राहतें, यावरून हलत्या चित्राची शक्ति किती असेल याचा अंदाज संग्राहकांनींच करावा.

मग पात्रयोजनेंत वर्णाचा व वंशाचा विचार मुळींच करूं नये काय ? असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या घटनेंत माणसाचा वंश, वर्ण किंवा देश हें त्या घटनेचें कारण आहे, तेथें तो भेद प्रेक्षकाच्या डोळ्यांस दिसलाच पाहिजे. जेथें तो कारण नाहीं, तेथें नट कोणीहि असो, आक्षेपास जागा नाहीं. हा नियम चाकणच्या दोन प्रसंगांस लावून पाहूं.

पहिला प्रसंग पंधराव्या शतकाच्या मध्यावरचा, दुसऱ्या अलाउद्दीन बहामनीच्या कारकीर्दींतील. त्याचा सरदार खलफ हसन, ज्यास मलिक-उत्-तुज्जार म्हणत, यानें चाकण येथें ठाणें करून कोंकणच्या वाटा जिंकण्याचा उद्योग चालविला. शिर्क्यानें त्यास रानांत नेऊन गांठविलें व तो फौजेसह मारला गेला. वांचलेले लोक चाकणच्या कोटांत परत आले. हे बहुतेक इराण, अरबस्तान इत्यादि मुलखांतून आलेले, ज्यांस त्या काळीं गरीब किंवा आफाकी म्हणत. त्यांच्याविरुद्ध दखनी सरदारांनीं सुलतानाकडे बंडाचा कांगावा केला, कोटास सुमारें दोन महिने वेढा दिला, आणि शेवटीं अभयवचन देऊन बाहेर काढून त्यांची कत्तल केली. या झगड्यांत हबशी दखन्यांच्या पक्षास होते. फेरिस्ता हा स्वतः परदेशी पक्षाचा असल्यामुळें त्याचा मजकूर तोलूनच घेतला पाहिजे. परंतु देशी आणि परदेशी हा भेदच त्या कत्तलीचें मूळ होता, याविषयीं शंका नाहीं. हा प्रसंग कोणी पडद्यावर आणील, तर इराणी, दखनी व हबशी यांचीं तोंडें, भाषा व पोषाख निरनिराळे दाखविल्यावांचून तो समजणारच नाहीं. सर्वांस एकाच सांच्यांत ओतलें, तर कत्तल दिसेल, तिचें कारण मात्र दिसणार नाहीं.

दुसरा प्रसंग इ. स. १६६० चा, सर्वांच्या परिचयाचा. शाएस्तेखानानें जून महिन्यांत चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा यानें तीनशें-साडेतीनशें माणसांनिशीं तो भुईकोट सुमारें पंचावन्न दिवस लढविला. ऑगस्टच्या मध्यास सुरुंगानें बुरूज उडाला व राव भावसिंग हाडा याच्या मध्यस्थीनें कोट खालीं झाला. आतां खानाच्या फौजेंत कोण होते ? शिवभारतांतील नामावळी पाहिली, तर तींत मोगल, पठाण, उझबेक यांच्याबरोबर रजपूत आहेत, आणि मराठे सरदारहि आहेत. रायबागन, जिला परमानंद राजव्याघ्री म्हणतो, तीहि त्यांतच. म्हणजे या वेढ्यांत दोन्हीं बाजूंस मराठे होते, व कोट खालीं करण्याचें बोलणें एका हिंदु राजाच्या मार्फत झालें.

याच वेळीं महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहराच्या वेढ्यांत अडकले होते, म्हणूनच चाकणास मदत पोंचली नाहीं. जौहर हबशी. परंतु तो वेढा उठविण्यासाठीं नेताजी पालकराबरोबर जो चालून गेला, तो सिद्दी हिलालहि हबशीच. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईंत जखमी होऊन शत्रूच्या हातीं लागला. एकाच वर्षीं, एकाच लढाईंत, दोन्ही बाजूंस आफ्रिकेच्या वंशाचीं माणसें स्वामीसाठीं लढत होतीं. दक्षिणेच्या इतिहासांत हें नवलाचें नव्हे. मलिक अंबर तर निजामशाहीचा आधारच होता. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्याच बाजूनें लढले, व अंबराचीं समकालीन चित्रें आजहि उपलब्ध आहेत.

या पुराव्यापुढें पडद्यावरचें चित्र ठेवून पाहावें. तेथें बहुधा एका बाजूस सर्व भगवें व दुसऱ्या बाजूस सर्व हिरवें असतें. खानाच्या छावणींतील रजपूत व मराठे अदृश्य होतात. नायक गोरा व खलनायक काळा हा रंगाचा न्याय तर ठरून गेलेला आहे. हिलालासारखा पुरुष कथेंतून गळतो, कारण तो या वांटणींत बसत नाहीं. ‘पावनखिंड’ या २०२२ च्या चित्रपटांत सिद्दी जौहराची भूमिका मराठी नटानेंच केली आहे. भूमिका म्हणून तींत दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि कर्नाटकांत व गुजराथेंत सिद्दी समाज आज नांदत असतां, त्यांतील नटास अशी भूमिका द्यावी हें कोणाच्याच मनांत येऊं नये, याचें आम्हांस वाईट वाटतें. याहून वाईट चाल म्हणजे रंग फासण्याची. १९८३ च्या ‘रझिया सुलतान’ चित्रपटांत याकूत हबश्याच्या भूमिकेसाठीं धर्मेंद्र यांच्या तोंडास काळा रंग दिला होता. अशा रंगानें हबशी दिसत नाहीं. रंगविलेला नट दिसतो, आणि हबशी म्हणजे एक सोंग असा प्रेक्षकाचा समज होतो.

आमचा नियम उलट दिशेनेंहि लागू आहे. चिंचवडच्या चाफेकर बंधूंची कथा ‘२२ जून १८९७’ या १९७९ च्या मराठी चित्रपटांत आली आहे. रँड हा इंग्रज अधिकारी असणें हेंच त्या कथेचें मर्म. तेथें वर्णनिरपेक्ष निवड केली, तर प्लेगच्या बंदोबस्ताचा जाच व त्याचा सूड या दोहोंचाहि अर्थ नाहींसा होईल. उलट फिरंगोजीची भूमिका बंगाली, बिहारी किंवा सिद्दी नटानें केली, तर चाकणच्या वेढ्याच्या सत्यास तिळमात्र बाध येत नाहीं. कारण तेथें निष्ठा हें कारण आहे, कातडी नव्हे.

२०२२ च्या डिसेंबरांत एका नियोजित शिवकालीन चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. तींत महाराजांच्या मागें विजेचे दिवे लागलेले पाहून लोक हंसले. महाराजांचें निधन १६८० मधलें, एडिसनचा दिवा १८७९ मधला. हंसणें साहजिक होतें. तो नट पंजाबी आहे यावरहि टीका झाली. परंतु ज्या फौजांत मराठा मराठ्यासमोर व हबशी हबश्यासमोर उभा होता, त्या फौजा एकरंगी दाखविल्या जातात, तेव्हां कोणी हंसत नाहीं. दोनशें वर्षें पुढचा दिवा डोळ्यांत भरतो; कथेंतून पुसलेला माणूस भरत नाहीं. आमच्या मतें दुसरी चूक अधिक मोठी, कारण ती सुधारण्यासाठीं कागद वाचावे लागतात.

म्हणून मालिकाकारांस व त्यांना सल्ला देणाऱ्या अभ्यासकांस आमची सूचना अशी आहे कीं, नट निवडण्यापूर्वीं त्या प्रसंगाची समकालीन नामावळी समोर ठेवावी. कोण कोणत्या बाजूस होता हें आधीं ठरवावें. आणि मग नट हवा तो घ्यावा. संग्राहकांसहि विनंती कीं, सिद्दी, रजपूत, गरीब व दखनी यांच्या चाकरीचीं पत्रें हातीं लागल्यास तीं किरकोळ समजून बाजूस ठेवूं नयेत. चाकणच्या कोटाचे अवशेष आज थोडेच उरले आहेत, व त्यांच्याभोवतीं नाना प्रांतांचे लोक कामासाठीं येऊन राहिले आहेत. त्यांच्या मुलांस या कोटाचा इतिहास बहुतेक पडद्यावरूनच कळणार. १६६० त येथें जमलेला समाजहि असाच नाना मुलखांचा होता, हें त्यांस खरें खरें कळावें, एवढीच आमची इच्छा आहे.