स्टिलसूट चालेल का? आणि त्यानंतरचा प्रश्न

विज्ञानकथांच्या संमेलनात सिनेमा दाखवला की मागोमाग परिसंवाद येतो, आणि परिसंवादात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यातलं विज्ञान कितपत बरोबर आहे?" मंचावर एक शास्त्रज्ञ, एक लेखक, एक सिनेमावाला आणि एक सूत्रसंचालक. दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळात अर्धा तास जातो. उरलेल्या वेळात शास्त्रज्ञ चुका मोजतात, लेखक 'कल्पनेला मोकळीक हवी' म्हणतात, सिनेमावाला बजेटचं रडगाणं गातो. मग "वेळेअभावी शेवटचे दोनच प्रश्न घेऊ", आणि आभार. तुम्ही अशा एखाद्या कार्यक्रमाला गेला असाल तर हे चित्र ओळखीचं वाटेल.

एरवी मी इथे माझ्या पीएच.डी.बद्दल लिहिते, म्हणजे बेसॉल्ट खडकात पाणी कुठे मुरतं आणि कुठे मुरत नाही याबद्दल. आज सिनेमाबद्दल आणि त्यावरच्या चर्चेबद्दल लिहितेय. पण काळजी करू नका, गाडी शेवटी पाण्यावरच येणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: तो पहिला प्रश्न चुकीचा नाही. आपण तिथेच थांबतो, हे चुकतं.

ही सवय जुनी आहे

विज्ञानकथेचं पहिलं जागतिक संमेलन, म्हणजे पहिलं 'वर्ल्डकॉन', १९३९च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये भरलं. दोनेकशे माणसं होती. तिथे फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' दाखवला गेला. सिनेमा १९२७चा, मूकपट. वर चकचकीत शहर, खाली जमिनीत यंत्रांना जुंपलेले कामगार.

हा सिनेमा नवीन होता तेव्हा खुद्द एच. जी. वेल्सनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची सालं काढली होती. त्याचा एक मुख्य आक्षेप असा: यंत्रं आली की अंगमेहनत कमी होते, मग इतक्या प्रगत शहरात माणसं काटे फिरवत का मरतायत? तांत्रिक अंगानं मुद्दा बरोबर आहे. तो काटा एखादी मोटर फिरवू शकली असती. पण शंभर वर्षं होत आली तरी 'मेट्रोपोलिस' पाहिला जातोय, तो त्या काट्यासाठी नाही. वरच्यांचं सुख खालच्यांच्या पाठीवर उभं आहे, हे एका फ्रेममध्ये दिसतं म्हणून. वेल्ससारख्या माणसाचाही पहिला प्रश्न बरोबर निघाला आणि दुसरा राहून गेला.

१९६६: दोन शहरं, दोन वाटा

आपल्याकडचं एक वर्ष मला फार बोलकं वाटतं, १९६६. त्या वर्षी कलकत्त्यात 'सायन्स फिक्शन सिने क्लब' सुरू झाला. त्यामागे अद्रीश वर्धन होते, 'आश्चर्य' या बंगाली विज्ञानकथा मासिकाचे संपादक. क्लबचे अध्यक्ष सत्यजित राय. म्हणजे बंगाली वाचक विज्ञानकथा वाचत होता आणि एकत्र बसून पडद्यावर बघतही होता.

त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतल्या. १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा तिथे टोपणनावानं पाठवली, ती पहिली आली, आणि पुढचं आपल्याला माहीत आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही सगळी फळी याच काळात बहरली. २०२१मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं.

हे आपलं मोठं वैभव आहे, यात वाद नाही. पण स्पर्धा आणि व्याख्यान या दोन गोष्टींतून वाढलेल्या परंपरेला एक सवय लागते: परीक्षकाची. कथेत विज्ञान किती, ते अचूक किती, वाचकाला बोध काय. कथेला हा गज चालून जातो. पडद्यावरच्या सिनेमाला तोच लावला की परिसंवादाची उत्तरपत्रिका होते.

गंमत म्हणजे फाळक्यांची सिनेमातली सुरुवातच विज्ञानपटानं झाली. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं चित्रित करून दाखवलं, आणि ते बघून भांडवल देणारा माणूस तयार झाला. त्या माणसाला वनस्पतिशास्त्र शिकायचं नव्हतं. डोळ्यांना एरवी न दिसणारी गोष्ट दिसली, म्हणून तो हलला.

आता स्टिलसूट

उदाहरण घेऊ 'ड्यून'चं. डेनी विलनव्हचे दोन भाग, २०२१ आणि २०२४. दोन्हींना वर्ल्डकॉनमध्ये ह्यूगो मिळाला. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह, तिथले मूळ रहिवासी फ्रेमेन. ते 'स्टिलसूट' घालतात. हा पोशाख घाम, श्वासातली वाफ, लघवी सगळं गोळा करून पुन्हा प्यायचं पाणी करतो. दिवसाला चमचाभर पाणीसुद्धा वाया जात नाही म्हणे.

परिसंवादात पहिला प्रश्न: चालेल का? उत्तर सोपं आहे, माठाकडे बघा. माठ पाझरतो, वरचं पाणी वाफ होऊन उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. आता त्याच माठाला प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा. पाणी वाचेल, पण गार होणार नाही. आपल्या घामाचं तेच. एक लिटर घाम उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतो. ती वाफ सूटच्या आतच पुन्हा पाणी झाली, तर तेवढीच उष्णता आतच परत मिळते. वाळवंटात राबणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. म्हणजे साधारण ६७० वॉट उष्णता सतत बाहेर फेकायला हवी. एक टनाच्या एसीच्या पाचव्या हिश्शाएवढं यंत्र पाठीवर, आणि त्याला वीज कुठून? चालताना टाचेच्या दाबातून एवढी ऊर्जा मिळत नाही. हवा शरीरापेक्षा गरम असेल तर फ्रेमेन माणूस आपल्याच सूटमध्ये उकडून निघेल.

इथे टाळ्या पडतात आणि परिसंवाद संपतो. माझ्या मते तो इथे सुरू व्हायला हवा.

कारण बघा, स्टिलसूट कथेत काय काम करतो? तो पाण्याचं भांडण झाकतो. प्रत्येकजण स्वतःचं पाणी स्वतः फिरवून वापरतोय म्हटल्यावर वाटपाचा प्रश्नच दिसेनासा होतो. भौतिकशास्त्र तो सूट उतरवतं, आणि मग प्रश्न उघडा पडतो: पाणी कोणाचं, आणि कोणाला किती? चूक शोधण्याचा खरा उपयोग हा आहे. दिग्दर्शकाला पकडण्यासाठी चूक शोधायची नसते. चुकीच्या मागे कोणता प्रश्न लपलाय ते बघायला शोधायची असते.

पहिल्या भागात हा प्रश्न उघड येतो. राजवाड्याच्या अंगणात खजुराची वीस झाडं आहेत. माळी सांगतो की एक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं. वीस झाडं, शंभर जीव. राजपुत्र विचारतो, मग काढून टाकायची का? माळी नाही म्हणतो, ती पवित्र आहेत. दोनच मिनिटांचा प्रसंग, पण माझ्या लेखी सगळ्या सिनेमातला सर्वांत धारदार.

दिवाळीत डोळखांबला घरी हा भाग भाचरांबरोबर पाहत होते. या प्रसंगाला सातवीतली भाची म्हणाली, "मावशी, यांचं धरण कुठंय पण?" मोठी माणसं सूटबद्दल विचारतात. हिनं धरण विचारलं.

तिनं ते विचारावं यात नवल नाही. शहापूर तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तानसाचं पाणी १८९२पासून मुंबईला जातंय. मुंबईच्या सात तलावांत जितकं पाणी साठतं त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसात असतं. आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो, हंड्यांच्या रांगा लागतात. काळ्या पाषाणात पाणी थोडंच मुरतं, चार महिन्यांचा पाऊस वाहून जातो, हा माझ्या प्रबंधाचा भाग झाला. पण ग्रामीण योजनेत माणशी ५५ लिटर आणि भुयारी गटार असलेल्या शहराला १३५ लिटर, हा फरक पाषाणानं ठरवलेला नाही. तो कागदावर ठरलेला आहे. अराकिसवर पाऊसच नाही. आमच्याकडे तो धो धो पडतो. म्हणजे आमची गोष्ट 'ड्यून'पेक्षा अवघड आहे.

या नजरेनं पाहिलं तर दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा कच्चा वाटतो. त्यात मेलेल्यांचं पाणी साठवलेलं भव्य तळं दिसतं. तहानेनं मेलं तरी त्याला हात लावायचा नाही, कारण पुढे कधीतरी त्यातून हिरवा ग्रह फुलणार आहे. 'आज सोसा, उद्या पाणी देऊ.' हे वाक्य आपण कुठे ऐकलंय ते सांगायला नको! पण सिनेमा या आश्वासनाची झडती घेण्याआधीच युद्धाकडे वळतो. तळं सुंदर फ्रेम बनून मागे राहतं. परिसंवादात मी हे मांडेन, आणि यासाठी मला स्टिलसूटचं गणित लागेलच. दोन्ही प्रश्न एकमेकांना धरून आहेत.

हेच आपल्या सिनेमांना लावून बघा. सुजय डहाकेच्या 'फुंतरू'त (२०१६) आवडत्या मुलीचा होलोग्राम बनवणारा इंजिनीअर आहे. होलोग्राम शक्य आहे का, हा पहिला प्रश्न. त्या मुलीला विचारलं होतं का, हा दुसरा, आणि डीपफेकच्या दिवसांत तोच जास्त टोचतो. आरती कडवच्या 'कार्गो'त (२०१९) यानात मेलेली माणसं येतात आणि पुनर्जन्माला पाठवली जातात. तिथे पहिला प्रश्न विचारण्यात अर्थच नाही. तरीही तो अस्सल विज्ञानपट आहे, कारण मरणानंतरही फॉर्म भरणं सुटत नाही हे त्याला अचूक दिसलंय.

मग करायचं काय?

सिनेमा दाखवण्याचे कार्यक्रम होतायत. गोव्यात विज्ञान परिषदेच्या पुढाकारानं विज्ञान चित्रपट महोत्सव भरतो, मुंबईत नेहरू विज्ञान केंद्र आहे. आयोजकांसाठी माझ्या तीन सूचना.

एक, मंचावर एक खुर्ची अशा माणसाची ठेवा जो त्या प्रश्नात जगतो. पाण्याचा सिनेमा असेल तर पाणी भरणारी बाई. 'अनुभवकथन' म्हणून शेवटी पाच मिनिटं नाही, बरोबरीनं.

दोन, दिवे लागल्यावर पहिला प्रश्न प्रेक्षकांचा घ्या, तोही शक्यतो विद्यार्थ्याचा. तज्ज्ञ आधी बोलले की मुलं गप्प होतात.

तीन, तालुक्याच्या गावात हे करायला मोठा खर्च लागत नाही. मेलिएसचा १९०२चा चंद्रस्वारीचा मूकपट जेमतेम पंधरा मिनिटांचा आहे आणि आता त्यावर स्वामित्वहक्क नाही. शाळेची भिंत, प्रोजेक्टर, आणि नंतर तासभर गप्पा. तोफेतून माणूस चंद्रावर जाईल का, हे नववीचा विद्यार्थी सांगेल. चंद्रावरच्या माणसांना छत्रीनं मारायचा हक्क या पाहुण्यांना कोणी दिला, हे कदाचित त्याच्या मागे बसलेली मुलगी विचारेल.

एक आक्षेप मला आधीच ऐकू येतोय: अशानं विज्ञान बाजूला पडून नुसतं समाजकारण होईल. होईल, जर पहिला प्रश्न गाळला तर. म्हणूनच मी तो गाळायला सांगत नाहीये. माठाचं गणित आधी नीट करा, कोणालाही सूट देऊ नका. मग थांबा, आणि विचारा की हे यंत्र चालत नसेल तर कोणाच्या डोक्यावर हंडा येतो.

पुढच्या लेखात पुन्हा बेसॉल्ट: विहीर फेब्रुवारीतच का आटते? तोवर एखादा विज्ञानपट बघितलात, तर तुमचा दुसरा प्रश्न मला नक्की कळवा.