चरित्रकोशांतील एक ओळ

गेल्या जुलै महिन्याच्या अखेरीस जत येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं एक लहानसा वाद झाला. घरांतील शाळकरी मुलीस १ ऑगस्टच्या सभेंत अण्णाभाऊ साठे यांच्यावर पांच मिनिटें बोलावयाचें होतें. तिनें महाजालावर धुंडाळून टिपण तयार केलें आणि तें मोठ्यानें वाचूं लागली: अण्णाभाऊंचा जन्म सन १९२० मध्यें सांगली जिल्ह्यांतील वाटेगांव येथें झाला. तिचे आजोबा म्हणाले, "अगं, त्या वेळीं सांगली जिल्हा होता कुठें?" नातीनें उत्तर दिलें, "आजोबा, सगळीकडे असंच लिहिलंय."

दोघांचेंही म्हणणें खरें होतें. वाळवें तालुका तेव्हां सातारा जिल्ह्यांत होता. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, आणि त्यास सांगली हें नांव १९६० सालीं मिळालें. तरीहि चरित्रलेखांतून आजचाच जिल्हा छापला जातो. (ज्या दिवशीं अण्णाभाऊ जन्मले त्याच दिवशीं मुंबईस लोकमान्य टिळक निवर्तले, हें मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं.)

हा केवळ शब्दच्छल आहे, असें कोणी म्हणेल. गांव होतें तेथेंच आहे. जिल्ह्याच्या नांवानें लेखकाचें काय अडतें? आम्हांस तसें वाटत नाहीं. आमचें जत १९४८ पर्यंत डफळे घराण्याचें संस्थान होतें. माडगूळकर बंधूंचें माडगुळें औंध संस्थानांत होतें. वाटेगांव खालसा मुलखांत. म्हणजे आज एकाच जिल्ह्याच्या नकाशावर दिसणाऱ्या ह्या गांवांपैकीं एकावर गोऱ्या साहेबाचा अंमल होता, तर दुसऱ्यांवर आपापल्या राजांचा. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त तालमीच्या समारंभास प्रत्यक्ष राजा येतो. 'सांगली जिल्हा' एवढेंच वाचून पुस्तक उघडणाऱ्या मुलास हा राजा कोठून आला, हें कसें कळावें? उलट 'फकिरा'मध्यें गांवकऱ्यांसमोर उभें असतें तें इंग्रजी सरकार. ह्या दोन कादंबऱ्यांतील सत्तेचा स्वभावच निराळा आहे, आणि त्या निराळेपणाचें एक कारण चरित्रकोशाच्या त्या चुकलेल्या ओळींत दडलेलें आहे. शिवाय आम्ही सीमेवरचे लोक. नोव्हेंबर २०२२ मध्यें कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनीं जत तालुक्यांतील चाळीस गांवांची गोष्ट काढली, तेव्हां गांवापुढें कोणतें नांव लिहावें ह्या प्रश्नाचें वजन येथें पोरासोरांसहि कळलें.

परंतु जिल्ह्याचा दोष दुरुस्त करणें सोपें आहे. 'तेव्हांचा सातारा, आतांचा सांगली' एवढें लिहिलें कीं झालें. अवघड आहे तें पुढेंच. अण्णाभाऊंच्या शिक्षणाविषयीं कोठें दीड दिवसाची शाळा म्हटलें आहे, तर कोठें चौथीपलीकडे ते शिकले नाहींत असें आहे. ह्या दोन विधानांत थोडें अंतर नाहीं. पहिल्यानें वाचक चकित होतो, म्हणून तें अधिक पसरलें. चकित करणारें विधान खोटेंच असतें असें नव्हे; पण तें पुराव्यावांचून पसरतें, हा आमचा अनुभव आहे. महाजालावर तर एक विलक्षण प्रकार घडतो. ज्ञानकोशांतील निराधार वाक्य वर्तमानपत्रवाला उचलतो, आणि पुढें तेंच वर्तमानपत्र त्या वाक्याचा आधार म्हणून कोशांत नमूद होतें. एका विहिरीचें पाणी दुसरींत ओतावें, आणि दुसरीला पाणी आहे म्हणून पहिलीला झरा असल्याचें मानावें, तशांतली ही गत.

लेखक हयात असेल तर त्याच्याकडूनच विचारून घ्यावें, असें कोणी सुचवील. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांनीं हा मार्ग करून पाहिला. त्यांच्या 'द ह्यूमन स्टेन' ह्या २००० सालच्या कादंबरीचा नायक अनातोल ब्रॉयार्ड ह्या टीकाकारावरून घेतला, अशा आशयाचा मजकूर विकिपीडियावर होता. रॉथ यांचें म्हणणें असें कीं मूळ प्रसंग आपले मित्र प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन यांच्यावर गुदरलेला. त्यांनीं दुरुस्ती मागितली, तेव्हां त्यांस उत्तर मिळालें कीं अन्य आधार हवा. अखेर सप्टेंबर २०१२ मध्यें रॉथ यांनीं 'न्यूयॉर्कर'मध्यें अनावृत पत्र लिहिलें, आणि मग त्या पत्राचाच आधार झाला! लोक ह्या गोष्टीस हंसले. आम्हांस मात्र कोशकारांची बाजू अगदींच टाकाऊ वाटत नाहीं. आपल्या मनांत काय होतें ह्याचा साक्षीदार लेखक खरा. परंतु परीक्षकांनीं त्याच्या पुस्तकांत काय पाहिलें, तें खोडून काढण्याचा अधिकार त्यास नाहीं. दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या नांवावर लिहाव्या, हेंच योग्य.

अण्णाभाऊ १९६९ सालीं वारले. ते पत्र लिहिणार नाहींत. म्हणून जबाबदारी आपल्यावर येते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा 'अर्वाचीन चरित्रकोश' १९४६ सालीं निघाला. त्यांत चूक सांपडली तर दोष कोणाला द्यावयाचा हें ठाऊक होतें. वाईस सिद्ध झालेल्या विश्वकोशांतहि नोंदीखालीं लेखकाचें नांव असतें. महाजालावरील कोशांत नांव नाहीं, पण प्रत्येक फेरफाराचा इतिहास व त्यावरील चर्चा कायम राहते. ही सोय केतकरांस लाभली असती तर त्यांनीं तिचें सोनें केलें असतें. आपण मराठी लोक त्या चर्चेच्या पानावर पुरावा मांडण्याऐवजीं विशेषणांवरून भांडतों. नांवाआधीं 'लोकशाहीर' असावें कीं नसावें यावर जेवढी शाई, किंवा शाईऐवजीं जें काय असेल तें, खर्च होतें, तिच्या चतुर्थांशांत अण्णाभाऊंच्या पुस्तकांची यादी पुरी झाली असती.

यादीचें उदाहरण मुद्दाम घेतों. अण्णाभाऊंनीं ३५ कादंबऱ्या लिहिल्या, असें जिकडेतिकडे वाचावयास मिळतें. ह्या पस्तीस कोणत्या? दीर्घकथा त्यांत धरल्या आहेत काय? एकच कृति दोन नांवांनीं निघाली असल्यास ती एकदां मोजली कीं दोनदां? 'फकिरा' १९५९ चा, आणि तो डॉ. आंबेडकरांस अर्पण केलेला आहे, हें आपण पुस्तक उघडून सांगूं शकतों. तसें प्रत्येकाविषयीं सांगतां आलें पाहिजे. त्यासाठीं मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. वाळवें, आटपाडी, जत येथील ग्रंथालयांच्या कपाटांत जुन्या प्रती असतील, त्यांचें मुखपृष्ठ आणि आंतील पहिलें पान पाहून नांव, प्रकाशक, आवृत्ति व साल एवढेंच उतरून घ्यावयाचें आहे. आमच्या वाचकांपैकीं कोणी तशी टिपणें पाठविल्यास पाठविणाऱ्याच्या नांवानिशीं आम्ही तीं येथें छापूं.